धूर कुणाच्या घरात, पाणी कुणाच्या नळाला?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची प्रतिमा शहरी माणसाच्या मनात कायमची ठरून गेली आहे. राजगड, तोरणा, रोहिडा यांचा हा मुलूख. चार महिने धुवाधार पाऊस, उतारावरची भातखाचरे, भाटघर आणि पानशेतचे विस्तीर्ण जलाशय, आणि आठवडाभर वाहनांच्या धुरात कोंडलेल्या पुणेकराने रविवारी येऊन छाती भरून घ्यावी अशी हवा. प्रदूषणाचा विषय निघाला की नजर वळते ती पिंपरी-चिंचवडकडे, चेंबूरकडे, फार तर दिल्लीकडे. भोर-वेल्ह्याचे नाव त्या यादीत कुणी घेत नाही. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही या मुलखाच्या इतिहासाचा गौरव भरपूर झाला. त्याच्या वर्तमानाची विचारपूस करण्याची गरज फारशी कुणाला भासली नाही.

वस्तुतः हवेच्या आणि पाण्याच्या प्रदूषणामागील राजकारण समजून घ्यायचे असेल तर कारखान्याच्या धुराड्याखाली उभे राहण्यापेक्षा या डोंगरी तालुक्यांत उभे राहणे अधिक उपयोगाचे ठरेल. येथे एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. बाहेरची हवा निर्मळ असताना घराच्या आतील हवा मात्र श्वासाला विष ठरावे इतकी बिघडलेली असते, आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या व तान्ह्या मुलांच्या वाट्याला येते. दुसरीकडे, येथून निर्मळ निघालेले पाणी शहराच्या नळांतून फिरून गटार बनते आणि खालच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या दारी जाऊन पोचते. धुराचा आणि पाण्याचा हिशेब वरवर वेगळा दिसतो. पण तो लिहिणारा हात एकच आहे. ज्याच्याकडे पैसा आणि सत्ता आहे त्याने शुद्ध ते घ्यावे आणि उरलेले इतरांकडे ढकलावे, हा तो न्याय. प्रदूषणाचा प्रश्न हा अशा रीतीने वाटणीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवादी चळवळीचा प्रश्न आहे.

पोट भरलेल्यांचे खूळ?

ही गोष्ट चळवळीला सहज उमगलेली नाही. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. दारिद्र्य आणि गरज याच सर्वांत मोठ्या प्रदूषक नाहीत काय, असा सवाल इंदिरा गांधींनी तेथे केला. श्रीमंत राष्ट्रांना उद्देशून केलेला तो सवाल योग्यच होता. परंतु मायदेशी त्याचा अर्थ हळूहळू असा लावला गेला की आधी कारखाने येऊ द्या, धुराचे आणि सांडपाण्याचे नंतर पाहू. डाव्या आणि समाजवादी वर्तुळांतही अनेकांनी पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे खूळ मानले. कामगाराला रोजगार हवा, शेतकऱ्याला पाणी हवे. झाडांची आणि माशांची चिंता करायला पांढरपेशे आहेतच, अशी ती धारणा होती.

१९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळने या धारणेला उत्तर दिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने आधी गाठले ते कारखान्यालगतच्या जयप्रकाशनगरासारख्या वस्त्यांतील झोपडीवासीयांना. हवा सर्वांची असते हे खरे. पण विषारी हवेच्या सर्वांत जवळ कोण राहतो हे जमिनीची किंमत ठरवते, आणि तिच्यापासून दूर पळण्याचे साधन कुणाजवळ आहे हे उत्पन्न ठरवते. भोपाळ ही एका रात्रीची घटना होती म्हणून ती जगाला दिसली. जे रोज थोडे थोडे घडते ते दिसत नाही. डोंगरवस्तीतील चुलीचा धूर हा त्या न दिसणाऱ्या प्रकारांतला आहे.

चुलीपुढचा श्वास

मावळातील पावसाळा ज्याने आतून पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर घराची दारे-खिडक्या पावसाच्या माऱ्यामुळे लावलेली असतात. उन्हाळ्यात फोडून ठेवलेले सरपण कितीही जपले तरी सर्द होते. अशा लाकडांवर सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक, वैलावर कालवण, आणि घरातल्या सर्वांच्या आंघोळीचे पाणी. फुंकणीने जाळ करीत बाई बसलेली असते. तिच्या मांडीवर किंवा हाताशी लहान मूल असते. पुरुष ओट्यावर. धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडतो, राहिलेला घरातच कोंडतो. भिंती आणि वासे काळे होतात ते सर्वांना दिसते. फुप्फुसे काळी होतात ती कुणी पाहत नाही.

या धुरातील सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसतही नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाचे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथून रक्तात उतरतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीत अशा कणांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा याहून कितीतरी कडक, म्हणजे १५ आहे. बंद खोलीत लाकडे जळत असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांवर जाते, पुष्कळदा हजाराही ओलांडते. १९८०च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी अगरवाल व दवे यांनी गुजरातेतील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच यंत्रे लावून धूर मोजला. हवेतील एकूण धूलिकण त्यांना घनमीटरला सरासरी सात मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम, आढळले. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. कारखान्यांभोवतीच्या हवेची चर्चा करणाऱ्या जगाला तोवर स्वयंपाकघर हीदेखील प्रदूषित जागा असू शकते याची कल्पनाच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली; त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. बालकांचा न्यूमोनिया, श्वासनलिकांचा कायमचा विकार, मोतीबिंदू, कमी वजनाची बाळे, हृदयविकार अशी त्याची फळे आहेत. परंतु या मृत्यूंची नोंद धूर म्हणून कुठेच होत नाही. म्हातारीचा खोकला हा वयाचा दोष ठरतो, मुलाचा न्यूमोनिया हा थंडीचा, आणि दृष्टी अधू होणे हे नशिबाचे. चुलीवर गुन्हा दाखल होत नाही, कारण चुलीचा मालक कोण, असे कुणी विचारीत नाही.

हा प्रश्न पक्षाच्या इतिहासाला नवा नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात धूर जाण्याची सोय नसलेली चूल आणि शौचालयाचा अभाव हे भारतीय स्त्रीच्या दास्याचे दोन ठळक पुरावे म्हणून देशापुढे मांडले होते. परराष्ट्रनीती आणि नियोजन यांवर बोलणाऱ्या नेत्याने स्वयंपाकघराच्या धुराड्यावर बोलावे, याचे त्या काळी अनेकांना हसू आले. लोहियांचे म्हणणे खरे ठरायला विज्ञानाला तीस वर्षे लागली; ते अमलात यायला त्याहूनही अधिक काळ लागतो आहे.

सिलिंडर आला, चूल विझली नाही

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. कागदावर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. चूल बसवणाऱ्याला अनुदान मिळे, ती पुढच्या पावसाळ्यात चालते की नाही हे पाहणाऱ्याला काहीच मिळत नसे. धुराडी चोंदली, जोड निखळले, बायांनी त्या मोडून पुन्हा आपल्या चुली मांडल्या. आकडे लक्ष्याचे होते. धूर कुणाच्याही लक्ष्यात नव्हता.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली आणि देशभर दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे, ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु जोडणी म्हणजे इंधन नव्हे. शासनाच्याच आकड्यांप्रमाणे उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन आणि २०२२-२३ मध्ये पावणेचारच्या आसपास सिलिंडर घेतले. सारा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या कुटुंबाला याच्या दुप्पट तरी लागतात. म्हणजे उरलेले निम्मे वर्ष चूलच पेटते. याची कारणे शोधायला अर्थशास्त्रज्ञ नको. सिलिंडरचे पैसे एकरकमी आणि रोख मोजावे लागतात. शेतमजूर बाईच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीची ती रक्कम असते. सरपण मात्र 'फुकट' असते, कारण ते रानातून डोक्यावर वाहून आणणाऱ्या बाईच्या श्रमांना घराच्या आणि राष्ट्राच्या जमाखर्चात किंमत नाही. डांबरी रस्त्यापासून दूर असलेल्या वाडीपर्यंत सिलिंडर नेणे हेही त्याच डोक्याचे काम.

चुलीला काही उपयोगही आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात तिच्या उबेने घर कोरडे राहते, माळ्यावरचे बियाणे किडीपासून वाचते, आंघोळीचे पाणी तापते. जी योजना हे उपयोग ध्यानात घेत नाही आणि बाईला अडाणी समजून उपदेश करते, ती फसणारच. बायांना धूर आवडतो म्हणून त्या चुलीपुढे बसत नाहीत. त्यांच्यापुढे ठेवलेला पर्याय अर्धवट आहे म्हणून बसतात.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. तो निवडक शहरांसाठी आहे. पुणे त्यात आहे. खेडी नाहीत. हवा मोजणारी यंत्रे शहरांच्या चौकांत बसतात आणि त्यांचे आकडे फलकांवर झळकतात. स्वयंपाकघरात यंत्र नाही, म्हणून तेथे प्रदूषणही नाही! शहराने मात्र एक गोष्ट विसरू नये. देशातील बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांच्या एकूण भारात घरगुती जळणाचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश असल्याचे अभ्यास सांगतात. गरिबाच्या घरातला धूर अखेर श्रीमंताच्या खिडकीपर्यंत येतोच. पण श्रीमंताकडे हवा गाळणारे यंत्र घेण्याची ऐपत असते.

पाण्याचा प्रवास

धुराची कथा घरात कोंडलेली आहे. पाण्याची कथा घर सोडून गेलेल्यांची आहे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यांपैकी २३ टीएमसीहून अधिक, म्हणजे पाचांतले चार हिस्से, पानशेत आणि वरसगाव या दोन धरणांत साठते. आंबी आणि मोसे या नद्यांची ही खोरी वेल्हे व मुळशीच्या डोंगरांतली आहेत. भोरमध्ये वेळवंडीवरील भाटघर १९२७-२८ साली पुरे झाले. त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. नीरा-देवघरमध्ये आणखी साडेअकराहून अधिक. हे सारे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाकडे जाते. आणि ज्या डोंगरांवर हे पाणी पडते त्याच डोंगरांतल्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. जलाशय खाली चमकत असतो. हंडा वर रिकामा असतो. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात जो सवाल टाटांच्या धरणाला केला होता, तो शंभर वर्षांनंतरही शेजारच्या खोऱ्यांत अनुत्तरित आहे.

या पाण्याच्या मागे गेले की प्रदूषणाचा खरा नकाशा उलगडतो. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जाते, नळांतून घराघरांत पोचते, आणि वापरून झाले की गटारांतून मुठेत उतरते. त्यातले पुष्कळसे शुद्ध न होता, किंवा अर्धेमुर्धे शुद्ध होऊन. पुढे मुळा-मुठा हवेली आणि दौंड तालुक्यांतून वाहत भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले म्हणून जे सांडपाणी कालव्यात सोडले जाते, त्यावर दौंडकडची शेती भिजते. त्या शेताच्या विहिरीत काय उतरते याचा हिशेब कुणी ठेवायचा?

येथेच या साऱ्या व्यवहारातला सर्वांत बोचरा अन्याय आहे. पानशेत आणि वरसगावसाठी ज्यांची घरे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांना दौंड तालुक्याच्या लाभक्षेत्रात जमिनी देण्यात आल्या. पुण्याला निर्मळ पाणी मिळावे म्हणून ज्यांनी खोरे सोडले, त्यांच्या वाट्याला तेच पाणी पुण्याने वापरून टाकल्यावर आले. विस्थापनाची भरपाई जमिनीच्या गुंठ्यांत मोजली गेली. पाण्याच्या दर्जात ती कधीच मोजली गेली नाही.

जानेवारी २०१६ मध्ये मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांच्या योजनेचा करार झाला. अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे त्यात होती आणि जानेवारी २०२२ पर्यंत काम पुरे व्हायचे होते. ती मुदत उलटली, केंद्रे अपुरीच राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये भूमिपूजन झाले ते नदीकाठ सुशोभित करण्याच्या प्रकल्पाचे! नदी स्वच्छ होण्याआधी तिचा काठ विकासाला काढण्याची ही घाई कुणासाठी, हे काठावरच्या जमिनींचे भाव सांगतील.

शहराचीही सारी माणसे सारखी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींचे प्राण गेले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला. हा भाग खडकवासल्याच्या अगदी पायथ्याशी आहे. धायरी २०१७ साली, नांदेड व किरकटवाडी २०२१ साली महानगरपालिकेत आली. कर लागू झाला, इमारती उभ्या राहिल्या, पण विहिरीचे पाणी केवळ क्लोरिन टाकून पुरवले जात राहिले. धरणाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्याला शुद्धीकरण केंद्राचे पाणी नाही. अंतर मैलांत मोजायचे नसते, राजकीय वजनात मोजायचे असते, हे त्या आजाराने दाखवून दिले.

घाटाच्या पलीकडे

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच गावी. पाणी ही कुणाच्या जातीची मालमत्ता नाही, हे त्या सत्याग्रहाने जगाला सांगितले. १९७०च्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढून तोच सत्याग्रह महाराष्ट्राच्या गावोगाव नेला. त्याच महाडजवळ पुढे रसायनांची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि सावित्री नदी सांडपाण्याने बिघडली. खाडीकाठच्या मच्छीमारांच्या जाळ्यांना याची किंमत मोजावी लागली. घाटाच्या अलीकडे नीरेचीही गत निराळी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते, आणि अग्रक्रमाच्या पहिल्या वर्गात मुळा आणि मुठेबरोबर नीराही होती. भोरच्या डोंगरांत जन्मलेली, खालच्या औद्योगिक आणि कारखानदारी पट्ट्यातून गेलेली तीच नीरा.

पाणवठा सर्वांना खुला झाला आणि पाणीच पिण्याजोगे राहिले नाही, तर त्या हक्काचे काय? श्रीमंत बाटलीचे पाणी घेईल. पाणवठ्यावर राहील तो गरीबच. जातीने जी भिंत उभी केली होती ती पैसा नव्याने उभारतो आहे. १९२७ चा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आजचा प्रश्न हात लावण्याजोगे पाणी मिळण्याचा आहे. दोन्ही लढे एकाच माळेतले आहेत.

उपखंडाचे चित्र

भोर-वेल्हे हे दक्षिण आशियाच्या दुखण्याचे लहानसे रूप आहे. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालानुसार हवा सर्वांत वाईट असलेल्या जगातील दहा शहरांपैकी नऊ दक्षिण आशियात आहेत, आणि या प्रदेशात दरवर्षी सुमारे वीस लाख माणसे दूषित हवेने अकाली मरतात. लाहोर आणि दिल्ली एकमेकांच्या राज्यकर्त्यांना दोष देतात. वारा मात्र सीमा ओलांडताना पारपत्र दाखवीत नाही. १९९८ साली या प्रदेशातील देशांनी माले जाहीरनाम्याने सीमापार वायुप्रदूषणाबाबत सहकार्याचे वचन दिले होते. सैन्यावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत त्या वचनावर किती खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क दोन्हीकडच्या जनतेला आहे.

बांगलादेशाचा अनुभव आणखी बोधप्रद आहे. तळ्यांचे आणि नद्यांचे पाणी दूषित, त्याने मुले अतिसाराने दगावतात, म्हणून १९७०च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. त्या पाण्यात जमिनीतील आर्सेनिक आहे की नाही हे मात्र तपासले गेले नाही. १९९०च्या दशकात ते उघड झाले तेव्हा साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसे धोक्यात असल्याचा अंदाज निघाला, आणि तज्ज्ञांनी तिला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. गरिबासाठी योजना आखताना मोजमाप टाळण्याची किंमत गरीबच देतो, हा त्याचा धडा. चुलींचा कार्यक्रम असो की वाडीवरची नळयोजना, तो येथेही लागू आहे.

कायदा मऊ, डोंगर कठोर

कायद्यांची उणीव नाही. महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला, १९७० मध्ये मंडळ स्थापले; केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. परंतु २०२३ च्या जनविश्वास कायद्याने आणि २०२४ च्या जल कायदा दुरुस्तीने केंद्राने यांतील अनेक अपराधांसाठीची कैदेची शिक्षा काढून तेथे दंड आणला. उद्योगांना व्यवसाय करणे सुलभ व्हावे, हे त्याचे समर्थन. ज्याला दंड परवडतो त्याच्यासाठी दंड हा फक्त एक खर्च असतो. सरपणाच्या मोळीसाठी वनरक्षकापुढे हात जोडणाऱ्या बाईला अशी सुलभता कुणी देऊ केलेली नाही.

दुसरा धोका पर्यावरणाच्या नावानेच येतो. धरणांच्या पाणलोटात घाण उतरते म्हणून तेथील गावांवर बोट दाखवण्याची पद्धत रूढ होत आहे. घाण कुणाचीही असली तरी ती थांबली पाहिजे, यात दुमत नाही. पण मुळशी आणि वेल्ह्यातील अठरा गावांच्या परिसरात, वरसगाव जलाशयाच्या काठी, शासनाच्या गिरिस्थान धोरणाच्या आधारे लवासा नावाचे खासगी शहर उभे राहत होते, तेव्हा पाणलोटाची ही काळजी कुठे होती? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये त्याचे काम थांबवले, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर फोडला गेला तो गेलाच. जलाशयाकाठी बंगला बांधणारा पर्यटक आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा कातकरी किंवा धनगर यांना एकाच मापाने मोजणारे पर्यावरण हे पर्यावरण नव्हे.

कार्यकर्त्यांपुढील काम

भोर-वेल्ह्यातील तरुण म्हणेल की त्याला कारखाना हवा आहे, धुराचे व्याख्यान नको. त्याचे म्हणणे फेटाळण्याचा अधिकार कुणालाही नाही. भातशेतीवर घर चालत नाही म्हणूनच तो पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर आहे. त्याला रोजगार हवाच. पण तो महाडच्या किंमतीने घ्यायचा की काय, हे ठरवण्याचा हक्क त्याच्या ग्रामसभेला हवा, आणि ठरवण्याआधी सारी माहिती त्याच्यापुढे हवी. रोजगार की स्वच्छ पाणी, ही निवड त्याच्यावर लादणाऱ्यांनी स्वतःपुढे ती कधीच ठेवलेली नसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. गरीब कुटुंबांना वर्षभर पुरेल एवढा गॅस परवडणाऱ्या दरात मिळावा आणि तो वाडीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी वितरकावर असावी. आंघोळीच्या पाण्यासाठी धूर न करणारे बंब आणि सौर साधने अनुदानात यावीत. स्वच्छ हवा कार्यक्रमात खेड्यांतील स्वयंपाकघरांचा समावेश व्हावा. पुणे महानगरपालिका जेवढे पाणी उचलते त्याच्या प्रमाणात एक ठरलेला वाटा पाणलोटातील वाड्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि सांडपाणी व्यवस्थेसाठी कायद्याने राखून ठेवावा. आणि जेवढे पाणी शहर घेते तेवढे शुद्ध करून नदीत सोडण्याची तारीख बांधून द्यावी. ती चुकली तर शहराच्या नव्या बांधकाम परवानग्या थांबाव्यात.

मागण्यांच्या आधी मात्र मोजणी हवी, आणि ती शासनाची वाट न पाहता करता येते. जलजीवन अभियानात गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण व साहित्य देण्याची तरतूद आहे. ते साहित्य किती गावांत कपाटात पडून आहे, हे ग्रामसभेत विचारावे. प्रत्येक वाडीत गेल्या वर्षी किती सिलिंडर आले, चुली किती पेटतात, खोकला किती बायांना आहे, टँकर किती दिवस आला, याची वही कार्यकर्त्यांनी घालावी. मासिक बैठकीत ती वाचली जावी आणि तहसीलदाराच्या टेबलावर ठेवली जावी. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून घडलेल्या पिढीने अशा वह्या पूर्वी घातल्या आहेत. वेल्हे तालुक्यातील दापोडे हे भाई वैद्यांचे जन्मगाव; त्या तालुक्याला समाजवाद्यांनी नव्याने ओळख करून देण्याची गरज पडू नये.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी, सरपण फोडून रचण्याच्या दिवसांत, हे काम सुरू करता येईल. त्या दिवसांत बाया घरी सापडतात, चुलीविषयी मोकळेपणाने बोलतात, आणि विहिरींचे पाणीही तळाला गेलेले असते. एका खोऱ्यातल्या दहा वाड्यांची वही पुरी झाली तरी प्रदूषणाच्या चर्चेत भोर-वेल्ह्याचे नाव प्रथमच आकड्यांनिशी येईल.